दोन चौकश्या आणि एक वचन

कोलकात्याच्या बालीगंज भागात गुरुसदय रोड नावाचा एक रस्ता आहे. पूर्वी त्याला बालीगंज स्टोअर रोड म्हणत. १९५९ मध्ये उघडलेले बिर्ला औद्योगिक संग्रहालय ह्याच रस्त्यावर आहे. त्या परिसरात एके काळी सत्येंद्रनाथ ठाकूर ह्यांच्या कुटुंबाचे वास्तव्य होते. सत्येंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे वडील बंधू आणि इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. जन्म बंगालमधला, परंतु त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याचे न्यायाधीश असताना १८९७ मध्ये ते निवृत्त झाले. ज्यांचे नाव ह्या रस्त्याला पुढे मिळाले ते गुरुसदय दत्त हेही सनदी नोकरच. मात्र त्यांची नोकरी बंगालमध्ये झाली.

ह्या दोघांच्या नोकरीच्या काळात दोन सरकारी चौकश्या फार गाजल्या. एक १८८८ साली पुण्यात झाली. त्या सुमारास सत्येंद्रनाथ सोलापुरास न्यायाधीश होते. १८८९ मध्ये रवींद्रनाथ त्यांच्याकडे तेथे येऊन राहिले होते. पुण्याच्या चौकशीशी सत्येंद्रनाथांचा संबंध नव्हता. पण ज्या कमिशनरची ती चौकशी झाली त्याच्याच मुलखातील एका जिल्ह्यात ते न्यायदान करीत होते. दुसरी चौकशी १९२८ साली कलकत्त्यापलीकडे, हावड्यात झाली आणि तिचा निर्णय स्वतः गुरुसदय दत्तांनीच दिला. सरकार आपल्या माणसाची चौकशी करते तेव्हा नेमके काय शोधते, पोलीस गुन्ह्याचा तपास करतात तेव्हा काय शोधतात, आणि ह्या दोहोंचे एकमेकींशी नाते काय, हा प्रश्न ह्या दोन प्रसंगांतून जितका स्पष्ट होतो तितका नियमांच्या पुस्तकातून होत नाही.

प्रश्न वरवर सोपा दिसतो. एका अधिकाऱ्याने लाच घेतली, असा आरोप झाला. लाच घेणे हा गुन्हा आहे. म्हणून पोलिसांनी तपास करावा, न्यायालयाने निवाडा द्यावा. परंतु तो अधिकारी सरकारचा नोकर आहे. म्हणून धन्यालाही आपल्या नोकराकडून जाब घेण्याचा अधिकार आहे. न्यायालय विचारते, ह्या माणसाने गुन्हा केला काय? सरकार विचारते, हा माणूस ह्या जागेवर ठेवण्यास योग्य आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर शिक्षा तुरुंगाची. दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर शिक्षा बडतर्फीची. म्हणून पहिल्या ठिकाणी संशयाला जागा न उरेल इतका पुरावा लागतो. दुसऱ्या ठिकाणी पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहणे पुरते. कृत्य एकच, साक्षीदार बहुधा तेच, पण प्रश्न दोन. ह्या दोन प्रश्नांत गल्लत झाली म्हणजे कोणाचा बळी जातो, हे क्रॉफर्ड प्रकरणाने महाराष्ट्राला दाखविले.

त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी ज्या कायद्याखाली ते चालले त्याची ओळख करून घेतली पाहिजे. कंपनी सरकारने १८५० मध्ये सरकारी नोकरांच्या चौकशीसाठी एक कायदा केला. त्या वर्षीच्या कायद्यांत त्याचा क्रमांक ३७. आरोपांची कलमे लेखी तयार करावी, चौकशीसाठी आयुक्त नेमावेत, त्यांना साक्षीदार बोलाविण्याचा व शपथेवर साक्ष घेण्याचा अधिकार असावा, आरोपीला बचावाची व उलटतपासणीची संधी मिळावी, अशी त्याची रचना होती. बाह्य रूप पुष्कळसे खटल्यासारखे होते. मात्र आयुक्तांनी द्यावयाचा तो निकाल नव्हे, अभिप्राय. अंतिम आज्ञा सरकारची. शिवाय त्याच कायद्यात एक कलम असे होते की, अशी चौकशी न करताही कोणत्याही कारणासाठी नोकराला दूर करण्याच्या सरकारच्या अधिकाराला ह्या कायद्याने बाध येत नाही. म्हणजे न्यायालयाचा अंगरखा घातलेली, पण धन्याच्या दिवाणखान्यात भरलेली अशी ही बैठक होती.

तिची धार प्रथम जाणवली ती सुरेंद्रनाथ बॅनर्जी ह्यांना. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उतरून आलेले हे तरुण गृहस्थ १८७१ मध्ये सिल्हेट येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट झाले. एका फौजदारी प्रकरणातील आरोपीचे नाव फरारी इसमांच्या यादीत चुकीने नोंदले गेले आणि त्या कागदावर त्यांची सही होती. सुरेंद्रनाथांचे म्हणणे असे की, नित्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात ती सही झाली. सरकारचे म्हणणे असे की, कामातील दिरंगाई झाकण्यासाठी ती जाणूनबुजून केली. चौकशी कलकत्त्यास व्हावी ही त्यांची विनंती नाकारण्यात आली. ती सिल्हेटलाच झाली. आणि १८७४ मध्ये ते बडतर्फ झाले. कोणत्याही फौजदारी न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले नव्हते. तरीही ते विलायतेस दाद मागावयास गेले तेव्हा इंडिया ऑफिसने ती दिली नाही. आणि बॅरिस्टरीची सनद मागितली तेव्हा बडतर्फीचे कारण दाखवून तीही नाकारण्यात आली. खात्याच्या चौकशीची शिक्षा खात्यापुरती राहत नाही, हे त्यांनी अनुभवले. पुढे ते राष्ट्रीय सभेचे दोनदा अध्यक्ष झाले ही गोष्ट वेगळी. प्रत्येक बडतर्फ नोकराला असे दुसरे आयुष्य मिळत नाही.

आता पुण्याकडे येऊ. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे नाव मुंबईकरांना मंडईमुळे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. १८६५ मध्ये ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. १८६९ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत ती मंडई उभी राहिली. आज तिला महात्मा जोतिबा फुले ह्यांचे नाव आहे. कर्तबगारी मोठी, हात सढळ, आणि कर्ज कायमचे, अशी ह्या अधिकाऱ्याची ख्याती होती. ऐंशीच्या दशकात ते मध्य विभागाचे कमिशनर म्हणून पुण्यास होते. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि खानदेश एवढा मुलूख त्यांच्या हाताखाली. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या त्यांच्या शब्दावर चालत.

मामलेदार म्हणजे त्या काळी तालुक्याचा राजाच. वसूल गोळा करणारा तो, जमाबंदीची अंमलबजावणी करणारा तो, आणि मॅजिस्ट्रेटच्या नात्याने लहानसहान फौजदारी खटले चालविणाराही तोच. परंतु ह्या राजाची बदली दूरच्या, रोगट हवेच्या तालुक्यात करणे कमिशनरच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याचे काम होते. घरात म्हातारे आईबाप, मुलांची शाळा, डोक्यावर लग्नकार्याचे कर्ज, अशा गृहस्थाला बदलीचा हुकूम म्हणजे संकटच. ह्या भीतीचा आणि बढतीच्या आशेचा बाजार पुण्यात मांडला गेला आहे, अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालली होती. मध्यस्थ म्हणून हणमंतराव नावाच्या गृहस्थाचे नाव उघड घेतले जाई.

गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या सरकारने १८८८ मध्ये ही कुजबुज ऐकून न ऐकल्यासारखी करण्याचे नाकारले. ओमनी नावाच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यावर खास तपासाचे काम सोपविण्यात आले. पहिलीच अडचण अशी की, लाच देणाऱ्याने तोंड उघडल्याशिवाय लाच घेणारा सापडत नाही. आणि लाच देणारा तोंड उघडतो तेव्हा तो स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देतो. पुराव्याचे सारे भांडार मामलेदारांच्या मनात कुलूपबंद होते. त्या कुलपाची किल्ली म्हणून सरकारने अभयाचे वचन दिले: खरे सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही आणि तुमच्या नोकरीलाही धोका पोचणार नाही. ह्या वचनावर विसंबून अनेक मामलेदार पुढे आले आणि आपण पैसे दिल्याचे त्यांनी सांगितले.

येथून पुढे प्रकरणाच्या वाटा फुटल्या, आणि प्रत्येक वाट माणसामाणसाच्या पायरीप्रमाणे वेगळी होती.

हणमंतरावांची वाट फौजदारी न्यायालयाची. कमिशनरच्या नावाने पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला, त्यांना दोषी ठरविण्यात आले आणि त्यांची रवानगी तुरुंगात झाली.

क्रॉफर्डसाहेबांची वाट १८५० च्या कायद्याची. सरकारने त्यांच्यावर फौजदारी खटला न करता आयुक्तांपुढे चौकशी करण्याचे ठरविले. त्यामागे व्यवहार होता. युरोपियन ब्रिटिश प्रजाजनाला आपल्या खटल्यात निम्मे तरी ज्युरी युरोपियन अथवा अमेरिकन असावेत, असा हक्क इल्बर्ट बिलाच्या वादळानंतर १८८४ च्या कायद्याने मिळाला होता. तशा ज्युरीपुढे नेटिव मामलेदारांच्या साक्षीवर एका ज्येष्ठ सिव्हिलियनला शिक्षा होणे किती अवघड, हे कोणालाही कळण्यासारखे होते. चौकशीसाठी आयुक्त नेमण्यात आले आणि त्यांचे अध्यक्ष म्हणून कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन पुण्यास आले. मुंबई इलाख्यातील हितसंबंधांपासून दूर असलेला न्यायाधीश हवा, ही त्यातील दृष्टी योग्यच होती.

आयुक्तांनी दीर्घ चौकशी केली. मामलेदार एकामागून एक उभे राहिले. ज्या गोष्टी घरच्या माणसांनाही सांगितल्या नव्हत्या त्या भर कचेरीत शपथेवर सांगू लागले. पैसे दिले हे त्यांना सांगता येत होते. पण ते साहेबांच्या हातात पोचले काय? तेथे मात्र मध्ये हणमंतराव उभे होते. शेवटी आयुक्तांचा अभिप्राय असा पडला की, लाचेचे आरोप सिद्ध होत नाहीत. मात्र हाताखालच्या मुलखातील लोकांकडून नियमाविरुद्ध कर्जे काढल्याचा दोष सिद्ध होतो. मुंबई सरकारला लाचेविषयीचा अभिप्राय पटला नाही. तथापि विलायतेत भारतमंत्री लॉर्ड क्रॉस ह्यांनी आयुक्तांचाच अभिप्राय मान्य केला आणि कर्जाच्या दोषाबद्दल क्रॉफर्ड ह्यांना नोकरीतून दूर केले.

एकाच पैशाबद्दल मध्यस्थ तुरुंगात आणि साहेब लाचेच्या आरोपातून मुक्त, हे लोकांना कोडेच वाटले. पण कायद्याच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती. सरकारी नोकरावर वजन पाडण्यासाठी मध्यस्थाने पैसे घेणे हा दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा होता. त्या नोकराला त्यातील एक पैही मिळाली नसली तरी मध्यस्थाचा गुन्हा उरतोच. म्हणून फौजदारी निकाल आणि आयुक्तांचा अभिप्राय हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत होते. दोन चौकश्या दोन प्रश्न विचारतात, त्यामुळे त्यांची उत्तरे निराळी निघणे हा दर वेळी अन्याय नसतो. ह्या प्रकरणातील अन्याय दुसरीकडे होता.

तो झाला मामलेदारांवर. विलायतेतील वर्तमानपत्रांतून आणि पार्लमेंटातून ओरड सुरू झाली: ज्यांनी लाच दिल्याचे शपथेवर कबूल केले ती माणसे अजून मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर बसून इतरांना शिक्षा ठोठावतात, हे कसे? प्रश्न गैर होता असे म्हणता येणार नाही. त्यातच पदांच्या खरेदी-विक्रीस बंदी करणारा इंग्लंडचा १८०९ चा एक जुना कायदा पुढे आला. त्याअन्वये पद विकत घेणारा मनुष्य ते पद धारण करण्यास अपात्र ठरत होता. मुंबई सरकारने दिलेले अभय त्याच्या स्वतःच्या कक्षेत खरे होते. पण पार्लमेंटचा कायदा रद्द करण्याचा अधिकार मुंबई सरकारला कोठे होता? जे देण्याचा अधिकार नव्हता ते देऊन बसल्यासारखी स्थिती झाली. मग मामलेदारांचे वर्ग पाडण्यात आले. ज्यांच्याकडून पैसे उकळले गेले ते एका बाजूला, आणि ज्यांनी स्वतःच्या लाभासाठी दिले ते दुसऱ्या बाजूला. काही राहिले, काहींना जावे लागले.

ह्या वेळी पुण्यात त्यांची बाजू घेऊन उभे राहिले बाळ गंगाधर टिळक. त्या वेळी ते ३३ वर्षांचे होते. १८८९ मध्ये पुण्यात भरलेल्या जाहीर सभेत त्यांनी मामलेदारांची कैफियत मांडली. लंडनमध्ये विल्यम डिग्बी ह्यांना पत्रे धाडली. आणि चार्ल्स ब्रॅडलॉ ह्यांनी तो प्रश्न कॉमन्स सभेत नेला. टिळकांना लाचेचे समर्थन करावयाचे नव्हते. लाच देणारा निर्दोष आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांचा मुद्दा सरकारच्या शब्दाचा होता. ज्या शब्दावर विसंबून माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा दिला, तो शब्द काम झाल्यावर फिरविता येत नाही. अखेर त्याच वर्षी साक्षीदारांना संरक्षण देण्यासाठी हिंदुस्थान सरकारला खास कायदा करावा लागला. म्हणजे जे वचन तपासाच्या आरंभी कायद्याच्या आधारावर द्यावयाचे ते शेवटी, माणसे पोळल्यावर, कायद्यात आले.

येथे फौजदारी प्रक्रियेची आठवण होते. माफीचा साक्षीदार ही कल्पना तेथे जुनीच आहे. मॅजिस्ट्रेट अटी सांगून माफी देतो, ती माफी नोंदली जाते, अट मोडली तर ती रद्द होते, आणि पाळली तर साक्षीदार सुटतो. तेथे वचन देणारा कोण, त्याचा अधिकार किती, आणि ते वचन कोणास बांधते हे ठरलेले असते. क्रॉफर्ड प्रकरणात सरकारने खात्याच्या चौकशीसाठी फौजदारी प्रक्रियेतील हे साधन उसने आणले. मात्र त्याबरोबर यावयाचे बंधन आणले नाही. दोन चौकश्यांच्या नात्यातील खरा धोका येथेच आहे. दोन्ही शेजारी शेजारी चालल्या तर बिघडत नाही. एकीने दुसरीची हत्यारे घेतली आणि जबाबदारी मागे ठेवली, म्हणजे बिघडते.

ह्यानंतर ३९ वर्षांनी हावड्यात प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. पुण्यात सरकारने आपल्या अधिकाऱ्याची चौकशी केली होती. हावड्यात विचारले गेले की, तपास करणारे पोलीसच आरोपी असतील तर चौकशी कोणी करावयाची? १९२८ मध्ये लिलुआच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांचा संप चालू होता. बामनगाछी येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला व त्यात माणसे मरण पावली. जिल्हादंडाधिकारी होते गुरुसदय दत्त. जिल्ह्याची शांतता राखण्याच्या कामी पोलीस हा त्यांचा उजवा हात. उद्याही त्याच हाताने काम करावयाचे. तरीही आपल्या निर्णयात त्यांनी गोळीबार करणाऱ्या युरोपियन पोलीस अधिकाऱ्याला दोष दिला. विलायतेच्या पार्लमेंटातही त्याचे पडसाद उमटले. दत्तांची बदली मैमनसिंगला झाली.

बदली ही कायद्याच्या पुस्तकात शिक्षा नाही. तिला आरोपपत्र लागत नाही, चौकशी लागत नाही, अपील नाही. पुण्याच्या मामलेदारांना जिच्या भीतीने पैसे द्यावे लागले ती हीच. आणि हावड्याच्या मॅजिस्ट्रेटला खरे लिहिल्यावर जी भोगावी लागली तीही हीच. खात्याची चौकशी निःपक्षपाती असावयाची तर केवळ आरोपीला संरक्षण असून भागत नाही. चौकशी करणाऱ्यालाही ते हवे. कोठडीत मृत्यू झाल्यास चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, अशी तरतूद देशात २००५ च्या दुरुस्तीने आली, तिच्यामागे हेच तत्त्व आहे: ज्याची चौकशी करावयाची त्याच्या शेजारी बसून काम करणाऱ्यावर ती सोपवू नये.

स्वातंत्र्यानंतर ह्या नात्याला घटनेची चौकट मिळाली. कलम ३११ ने सरकारी नोकराला सांगितले की, आरोप कळविल्याशिवाय आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येणार नाही. कलम २० ने प्रत्येकालाच सांगितले की, एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा खटला व शिक्षा नाही. आता प्रश्न आला: खात्याची चौकशी होऊन बडतर्फ झालेल्यावर पुन्हा फौजदारी खटला भरला तर ती दुसरी शिक्षा नव्हे काय?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला तो एस. ए. वेंकटरमण ह्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने. ते भारत सरकारच्या वाणिज्य व उद्योग खात्याचे सचिव होते. १८५० च्याच कायद्याखाली त्यांची चौकशी झाली, आणि चौकशी आयुक्त होते कलकत्ता हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश सर आर्थर ट्रेव्हर हॅरिस. सप्टेंबर १९५३ मध्ये वेंकटरमण बडतर्फ झाले. पुढच्या फेब्रुवारीत पोलिसांनी आरोपपत्र ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये निर्णय दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी हेही कलकत्ता हायकोर्टातूनच आलेले. त्यांनी म्हटले ते थोडक्यात असे: आयुक्त वस्तुस्थिती शोधून सरकारला अभिप्राय देतात, ते कोणाला गुन्हेगार ठरवीत नाहीत, दंडसंहितेतील शिक्षा देत नाहीत. ती चौकशी घटनेच्या अर्थाने खटला नव्हे आणि बडतर्फी ही त्या अर्थाने शिक्षा नव्हे. म्हणून पुढचा खटला चालू शकतो.

ह्याच प्रकरणाला आणखी एक वळण मिळाले. लाचलुचपतीच्या खटल्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागे. खटला चालून वेंकटरमण दोषी ठरले तेव्हा तशी परवानगी घेतली नव्हती, असा आक्षेप आला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: परवानगीची ढाल नोकरीत असलेल्यासाठी आहे, न्यायालयाने दखल घेतली तेव्हा हे गृहस्थ नोकरीत नव्हतेच. म्हणजे खात्याच्या चौकशीने नोकरी काढून घेतली आणि नोकरीबरोबर ढालही गेली. हा नियम पुढे साठ वर्षे टिकला. २०१८ च्या दुरुस्तीने ती ढाल निवृत्त झालेल्यांनाही देण्यात आली.

दोन्ही चौकश्या एकाच वेळी चालल्या तर काय, हाही प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. दिल्लीच्या एका कापड गिरणीतील शिपायावर हेडक्लार्कची सायकल चोरल्याचा आरोप होता. पोलिसांचा खटला प्रलंबित असताना गिरणीने आपली चौकशी सुरू केली. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत आपण काही बोलणार नाही, असे त्याने सांगितले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, धन्याने खटल्याच्या निकालापर्यंत थांबलेच पाहिजे असे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व नाही. मात्र प्रकरण गंभीर असेल आणि त्यात गुंतागुंतीचे प्रश्न असतील तर थांबणे इष्ट. सरकारी खात्यांतही पुढे हीच दृष्टी रूढ झाली. कारणही उघड आहे. खटला दहा वर्षे चालला तर तोवर संशयित माणूस घरी बसून निर्वाहभत्ता घेणार, किंवा त्याच खुर्चीवर बसून तेच काम करणार. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट लोकहिताची नाही. उलट त्या माणसाने खात्यापुढे आपला बचाव उघड केला, तर फिर्यादी पक्षाला तो आयताच कळणार. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क न्यायालयात आहे. खात्याच्या चौकशीत गप्प राहणारा बहुधा हरतो.

ह्या ओढाताणीत तळच्या माणसाचे काय होते, ह्याचे उदाहरण कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याचे आहे. १९८५ मध्ये पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घालून सोने सापडल्याचे सांगितले. खटला आणि खात्याची चौकशी दोन्ही सुरू झाल्या. निलंबनात त्याला निर्वाहभत्ता मिळाला नाही, त्यामुळे चौकशीच्या ठिकाणी जाण्यायेण्यासही पैसा उरला नाही. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकून त्याला १९८६ मध्ये बडतर्फ करण्यात आले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. छापाच सिद्ध झाला नाही, असे ठरले. छापा तोच, साक्षीदार तेच, आणि निकाल दोन. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घेण्यास सांगितले. निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला नोकरी परत मिळतेच असे नाही, हे न्यायालयाने इतर प्रकरणांत स्पष्ट केलेले आहे. पण जेथे दोन्ही चौकश्यांचा पाया एकच आहे आणि तो पायाच ढासळला आहे, तेथे एका चौकशीची इमारत उभी ठेवता येत नाही.

केंद्रीय अन्वेषण विभाग १९६३ मध्ये स्थापन झाला, संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. कोणते प्रकरण खात्याकडे ठेवावे, कोणते पोलिसांकडे द्यावे ह्याचे नियम आता तपशीलवार आहेत. कारकुनाच्या हातून झालेली चूक आणि अधिकाऱ्याने मांडलेला बाजार ह्यांत फरक करण्याची सोय त्यांत आहे. तरीही प्रत्येक नव्या प्रकरणात जुनाच मोह डोकावतो. कधी पोलिसांकडे जावयाचे प्रकरण खात्याच्या फायलीत थंड केले जाते, म्हणजे गवगवा होत नाही. कधी खात्याने एका महिन्यात निकालात काढावयाचे प्रकरण ‘तपास चालू आहे’ ह्या एका वाक्याखाली वर्षानुवर्षे झाकले जाते. पहिल्या मोहात गुन्हा सुटतो, दुसऱ्यात कारभार सडतो. आणि दोन्हींत, ज्या साध्या नोकराने धीर करून खरे सांगितले, त्याचे नाव मात्र सर्वांना कळलेले असते.

क्रॉफर्डसाहेबांनी पुढे विलायतेत बसून आठवणींची पुस्तके लिहिली. त्यांतल्या एकाचे शीर्षकच एका हिंदी पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी असे होते. ज्या मामलेदारांना नोकरी सोडून जावे लागले त्यांनी कोणतीही पुस्तके लिहिली नाहीत. सुपे, बारामती, माण, माळशिरस अशा त्या काळच्या कोणत्याही तालुक्यात कचेरीची ती जुनी दगडी ओटी आठवावी. तीवर बसून वीस वर्षे कारभार केलेल्या माणसाने एके दिवशी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून खरे सांगितले, आणि त्या खऱ्याचे मोल स्वतः चुकविले. त्याने लाच दिली हा त्याचा दोष खराच. पण सरकारला जे सत्य हवे होते ते त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

बालीगंजच्या त्या रस्त्यावरील पाटीवर आज ज्यांचे नाव आहे त्यांनी खरे लिहिले आणि आपला जिल्हा गमावला. पुण्याच्या मामलेदारांनी खरे सांगितले आणि काहींनी आपली भाकर गमावली. दोन्ही प्रसंगी सरकारने सत्य मागितले होते. खात्याची चौकशी आणि पोलिसांचा तपास ह्यांच्या सीमा कोठे आखाव्यात ह्याविषयी कायदेपंडितांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते आवश्यकही आहे. परंतु त्या दोन्हींचा पाया एकच: कोणीतरी पुढे येऊन खरे सांगितले पाहिजे. त्याला दिलेले वचन कोणत्या चौकशीत कोठवर टिकेल, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याला सांगणे हे सरकारचे पहिले कर्तव्य होय.